गरोदरपणातली मोडकी झोप: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गरोदर बाईने “झोप लागत नाही” म्हटलं की घरातून एकच उत्तर येतं: “आत्ताच काय, बाळ झाल्यावर बघ.” तक्रार तिथेच विरते आणि तपासणीच्या दिवशी डॉक्टरांच्या कानावर जातच नाही. बहुतेक वेळा झोप मोडणं हा गरोदरपणाचाच भाग असतो, हे खरं. पण कधीकधी त्यामागे रक्त कमी असणं, बीपी वाढणं किंवा यकृताचा त्रास असतो, आणि त्यावर उपाय असतो. कोणती झोपमोड सोसायची आणि कोणती सांगायची, एवढ्यासाठी हे प्रश्न.

दुसराच महिना चालू आहे. दिवसभर डोळे मिटतात आणि रात्री मात्र दहा वेळा जाग येते. असं उलटं का?

प्रोजेस्टेरॉनमुळे. गर्भ टिकवणारं हे संप्रेरक पहिल्या तिमाहीत झपाट्याने वाढतं आणि त्याने दिवसा गुंगी येते, पण रात्रीची झोप सलग राहत नाही. त्यात मूत्रपिंडांचं काम वाढतं. पहिली तिमाही संपेपर्यंत ती जवळपास दीडपट रक्त गाळायला लागतात, म्हणून पोट दिसायच्या आधीच रात्री लघवीला उठावं लागतं. मळमळ असेल तर पहाट तिच्यात जाते. चौथ्या ते सहाव्या महिन्यात बहुतेकींना जरा बरं वाटतं. सातव्यानंतर पोटाचा भार, कंबरदुखी, छातीतली जळजळ आणि बाळाच्या लाथा यांनी झोप पुन्हा तुटू लागते.

किती तास झोप मिळाली म्हणजे पुरे?

मोठ्या माणसाला लागते तेवढीच, ७ ते ९ तास. अंथरुणात कूस बदलत काढलेले तास यात धरू नका. दुपारची डुलकी धरा.

झोप कमी झाली तर आईच्या तब्येतीला खरंच काही होतं का, की नुसता थकवा?

थकवा तर असतोच, पण तेवढ्यावर थांबत नाही.

सर्वांत ठळक दुवा दिसतो तो साखरेशी. झोप अपुरी झाली की शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही. गरोदरपणात वारेतून येणाऱ्या संप्रेरकांमुळे हा प्रतिसाद आधीच मंदावलेला असतो, त्यात ही भर. अमेरिकेत पहिलटकरणींवर झालेल्या एका मोठ्या अभ्यासात मनगटावर यंत्र बांधून झोप मोजली, तेव्हा रात्री ७ तासांपेक्षा कमी झोपणाऱ्यांमध्ये गरोदरपणातला मधुमेह जास्त आढळला. फार उशिरा झोपून उशिरा उठणाऱ्यांमध्येही तेच दिसलं. आपल्याकडे पहिल्या भेटीत आणि पुन्हा २४ ते २८ आठवड्यांच्या दरम्यान ७५ ग्रॅम ग्लुकोजचं पाणी पाजून दोन तासांनी शुगर बघतात. ती १४० किंवा जास्त आली तर मधुमेह धरतात. झोपेची घडी बिघडलेली असेल तर ही दुसरी तपासणी चुकवूच नका.

दुसरा दुवा बीपीचा. गाढ झोपेत रक्तदाब खाली येतो. झोप तुकड्यातुकड्यांची असेल, आणि विशेषतः झोपेत श्वास अडकत असेल, तर हा उतार नीट मिळत नाही. त्याबद्दल घोरण्याच्या प्रश्नात सविस्तर आहे.

तिसरा प्रत्यक्ष बाळंतपणाचा. कॅलिफोर्नियात २००४ मध्ये १३१ महिलांची नवव्या महिन्यातली झोप मोजली गेली. रात्री ६ तासांपेक्षा कमी झोप झालेल्यांच्या कळा जास्त वेळ चालल्या आणि सिझेरियनची शक्यता साडेचार पट निघाली. अभ्यास लहान आहे, तेव्हा ‘साडेचार’ हा आकडा कुणी मनात धरून बसू नये. पण थकलेल्या अंगाने कळा सोसणं अवघड जातं, हे सांगायला संशोधक लागत नाहीत, कुठलीही सुईण सांगेल. त्याच राज्यातल्या सुमारे ३० लाख बाळंतपणांच्या नोंदी २०१७ मध्ये तपासल्या, तेव्हा निद्रानाशाचं निदान झालेल्या महिलांमध्ये ३४ आठवड्यांच्या आत बाळंत होण्याचं प्रमाण जवळपास दुप्पट होतं.

आणि चौथा मनाचा. गरोदरपणातला निद्रानाश आणि बाळंतपणानंतरचं नैराश्य बऱ्याचदा एकामागून एक येतात.

हे सगळे आकडे ‘या दोन गोष्टी सोबत दिसतात’ असं सांगतात. ‘झोप झाली नाही म्हणून हे होणारच’ असं ते म्हणत नाहीत. एक-दोन वाईट रात्रींनी बाळाला काही होत नाही. याच काळजीने तिसरी रात्र जागून काढू नका.

सहाव्या महिन्यापासून मी घोरायला लागले आहे. नवरा हसतो. हसण्यावारी न्यायचं का?

नाही. आधी न घोरणारी बाई गरोदरपणात घोरू लागली, तर ते डॉक्टरांना सांगायलाच हवं. मिशिगनमधल्या १,७१९ गरोदर महिलांच्या अभ्यासात चौघींपैकी एकीचं घोरणं गरोदरपणातच सुरू झालं होतं, आणि अशा महिलांमध्ये बीपी वाढण्याचं प्रमाण दुपटीहून जास्त होतं. गरोदरपणात नाकाच्या आतली त्वचा सुजते, वजन वाढतं, गळ्याची वाट अरुंद होते. त्यामुळे काहींचा श्वास झोपेत क्षणभर थांबतो, रक्तातला ऑक्सिजन उतरतो आणि मेंदू दचकून जागा करतो. रात्रीतून असं अनेकदा झालं तरी सकाळी बाईला आठवत काहीच नाही, फक्त डोकं जड असतं. वर ज्या पहिलटकरणींच्या अभ्यासाचा उल्लेख आला, त्यात ३,७०५ महिलांची घरीच झोप-तपासणी केली होती. श्वास अडकण्याचा त्रास सुरुवातीच्या महिन्यांत ३.६ टक्के महिलांना होता, तो मधल्या महिन्यांत ८.३ टक्क्यांवर गेला. अशा महिलांमध्ये प्रीएक्लॅम्पसिया, म्हणजे बीपी वाढून इतर अवयवांवर ताण येण्याचा आजार, सुमारे दुप्पट आढळला.

नवऱ्याने हसण्याऐवजी एक काम करावं: घोरणं मध्येच थांबतं का, आणि मग हिसका देऊन श्वास येतो का, हे बघावं. तसं असेल तर कान-नाक-घसा किंवा छातीच्या डॉक्टरांकडे झोपेची तपासणी होते. रात्री मास्कमधून हवा देणारं सीपॅप यंत्र गरोदरपणात सुरक्षित आहे.

अंथरुणाला पाठ टेकली की पाय वळवळतात. चालल्याशिवाय चैन पडत नाही. हे काय आहे?

पायांत किडे चालल्यासारखं वाटणं, पाय ओढल्यासारखे होणं, संध्याकाळनंतर वाढणं आणि हलवल्यावर लगेच बरं वाटणं, या चार गोष्टी जुळल्या तर हा ‘अस्वस्थ पायां’चा आजार. सुमारे पाचपैकी एका गरोदर बाईला तो होतो, शेवटच्या तिमाहीत सर्वांत जास्त. घरात मात्र याला “दिवसभर उभी असतेस, चेपून घे” एवढंच उत्तर मिळतं.

याचं लोहाशी घट्ट नातं आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या ५२.२ टक्के गरोदर महिलांमध्ये रक्त कमी आढळलं. म्हणजे आपल्याकडे ही तक्रार ऐकली की पहिला संशय लोहाचाच घ्यावा. हिमोग्लोबिन ठीक असूनही शरीरातला लोहाचा साठा आटलेला असू शकतो. त्यासाठी फेरिटिनची तपासणी करतात, आणि या त्रासात ते ७५ च्या खाली असेल तर लोह वाढवण्याचा विचार होतो.

सरकारी दवाखान्यातली लाल गोळी (६० मिलिग्रॅम लोह, ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड) किमान १८० दिवस रोज घ्यायची असते. कित्येकींच्या गोळ्या डब्यातच राहतात, कारण मळमळतं, शौचाला काळं आणि घट्ट होतं. रात्री जेवल्यावर घेऊन बघा. चहासोबत किंवा कॅल्शियमच्या गोळीसोबत मात्र घेऊ नका, लोह अंगी लागत नाही. लिंबू पिळलेलं पाणी चालतं. तरीही सोसत नसेल तर गोळी बदलून किंवा सलाइनमधून लोह देता येतं, पण बंद केली आहे हे आशाताईंना किंवा डॉक्टरांना कळायला हवं.

एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही: सर्दीच्या आणि उलटीच्या काही गुंगी आणणाऱ्या गोळ्यांनी ही वळवळ वाढते. चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं तपासणीला सोबत न्या.

आणि पोटरीत गोळा येतो तो?

तो वेगळा. पाय सरळ करून चवडा आपल्याकडे ओढा, गोळा सुटतो. झोपण्याआधी पोटऱ्यांना ताण दिला तर येणं कमी होतं. एकाच पोटरीला सूज, लाली आणि सतत दुखणं असेल तर चोळू नका. रक्ताची गाठ असू शकते, त्याच दिवशी दाखवा.

रात्री तळहात-तळपायांना भयंकर खाज सुटते. पुरळ तर काहीच नाही.

याने झोप मोडत असेल तर दोन दिवसांत रक्त तपासून घ्या. पोटावरची त्वचा ताणून सुटणारी खाज साधी असते. पण शेवटच्या तिमाहीत, पुरळ नसताना, हातापायांच्या तळव्यांना, रात्री वाढणारी खाज ही यकृतातलं पित्त अडल्याची खूण असू शकते. रक्तातल्या पित्ताम्लांची आणि यकृताची तपासणी त्यासाठी असते. पित्ताम्लं फार चढली तर बाळाच्या जिवाला धोका वाढतो आणि डॉक्टर बाळंतपण थोडं आधी करायचं ठरवतात. “उष्णता झाली असेल” म्हणून सब्जा पीत आठवडे घालवायची ही वेळ नव्हे.

डाव्या कुशीवरच झोपायचं का? जाग येते तेव्हा मी उताणीच असते आणि जीव घाबरतो.

२८ आठवड्यांनंतर कुशीवर झोपी जा, एवढा नियम पुरे. उताणं झोपलं की गर्भाशयाचा भार पोटातल्या मोठ्या शिरेवर पडतो आणि हृदयाकडे परतणारं रक्त कमी होतं. न्यूझीलंडमधल्या संशोधकांनी पाच अभ्यासांची माहिती २०१९ मध्ये एकत्र करून पाहिली, तेव्हा २८ आठवड्यांनंतर उताणं झोपी जाणाऱ्यांमध्ये बाळ पोटात दगावण्याचा धोका सुमारे अडीच पट निघाला. मुळात हा धोका थोडा असतो, पण टाळण्यासारखा आहे. त्याच माहितीत उजवी कूस डावीइतकीच सुरक्षित दिसली. तेव्हा डावी बाजू अवघडली की उजवीकडे वळा.

मोजली गेली ती झोपी जातानाची स्थिती. झोपेत शरीर वळणारच. जाग आल्यावर उताण्या असाल तर कूस बदला आणि पुन्हा झोपा.

दोन-तीन हजारांची खास गरोदरपणाची उशी लागत नाही. एक उशी गुडघ्यांमध्ये आणि पाठीशी गुंडाळलेली गोधडी, म्हणजे उताणं वळणं आपोआप अडतं. खाली अंथरुणावर झोपायची सवय असेल तर चालेल, फक्त उठताना आधी कुशीवर वळून हाताचा आधार घ्या.

रात्री छातीत जळजळ आणि सारखी लघवी. काही करता येईल?

जेवण आणि झोप यांत दोन-तीन तास ठेवा, उशाकडची बाजू उंच करा. सांगायला सोपं आहे. ज्या घरात सगळ्यांची ताटं झाल्यावर सुनेचं ताट साडेदहाला वाढलं जातं आणि भांडी घासून ती अकराला आडवी होते, तिथे हा सल्ला तिला देऊन उपयोग नाही, तो सासूबाईंना आणि नवऱ्याला द्यायला हवा. गरोदर बाईने आठला जेवून घ्यावं. ॲसिडिटीची औषधं गरोदरपणात घेता येतात, पण विचारून.

पाणी दिवसा भरपूर प्या, झोपण्याआधीचे दोन तास कमी. लघवीला जळजळ, वास किंवा थंडी-ताप असेल तर तपासणी करा, कारण गरोदरपणात लघवीचा जंतुसंसर्ग मूत्रपिंडापर्यंत लवकर चढतो.

चहा सोडावा लागेल का?

सोडायला नको, वेळ बदला. दिवसाला २०० मिलिग्रॅमपर्यंत कॅफिन चालतं, आणि घरच्या चहाचे दोन-तीन कप सहसा त्यात बसतात. पण गरोदरपणात कॅफिन अंगातून फार सावकाश निघून जातं. एरवी पाचेक तासांत निम्मं होणारं कॅफिन शेवटच्या तिमाहीत त्यासाठी दुप्पट-तिप्पट वेळ घेतं. पाच वाजताचा चहा मध्यरात्रीही रक्तात असतो. शेवटचा कप दुपारी बारापर्यंत.

झोपेची गोळी, अश्वगंधा, जायफळाचं दूध: यातलं काय चालेल?

झोपेच्या गोळ्या मनाने घेऊ नका. आधीपासून मानसोपचारतज्ज्ञांची गोळी चालू असेल तर ती मनाने बंदही करू नका. एकदम थांबवणं जास्त त्रासाचं ठरतं. मेलाटोनिन या झोपेच्या संप्रेरकाच्या गोळ्यांबद्दल गरोदरपणात पुरेशी खात्री नाही, दुकानात सहज मिळतं म्हणून घेऊ नये. अश्वगंधा टाळा. गर्भपाताची शंका असल्याने गरोदरपणात ती घेऊ नये असाच सल्ला दिला जातो, आणि ‘आयुर्वेदिक आहे, अपाय नाही’ हे दुकानदाराचं वाक्य आहे. जायफळ स्वादापुरतं, श्रीखंडात घालतो तितकं, चालेल. झोप यावी म्हणून उगाळून रोज घेऊ नका, जास्त झालं तर ते विषारी आहे. नुसतं कोमट दूध बिनधोक आहे.

गोळीशिवाय चालणारी आणि गरोदर महिलांवर चाचण्या होऊन उपयोगी ठरलेली पद्धत म्हणजे निद्रानाशासाठीची वर्तन-चिकित्सा. तिचा गाभा घरी पाळता येतो. रात्र कशीही गेली तरी सकाळी उठायची वेळ एकच ठेवायची. वीसेक मिनिटांत झोप लागली नाही तर उठून मंद उजेडात बसायचं, डोळे जड झाले की परत आडवं व्हायचं. मोबाइल उशाशी नको, घड्याळ बघायचं नाही.

दुपारी झोपलं तर रात्री झोप लागत नाही आणि बाळ आळशी होतं म्हणतात.

बाळ आळशी होत नाही. अर्धा तास, तीनच्या आत, चालेल. रात्री दोनच तास झोप झाली असेल तर जास्तही चालेल.

ग्रहणात गरोदर बाईने झोपू नये, हे पाळायचं का?

७ सप्टेंबर २०२५ चं खग्रास चंद्रग्रहण रात्री दहाच्या सुमारास लागलं आणि दीडच्या सुमारास सुटलं. कितीतरी घरांत गरोदर मुलींना तोवर पाणीही न पिता बसवून ठेवलं होतं. ग्रहण म्हणजे चंद्रावर पडलेली पृथ्वीची सावली. तिच्याने बाळाचा ओठ फाटत नाही. उलट मधुमेह असलेल्या किंवा दिवस भरत आलेल्या बाईला चार-पाच तास उपाशी, तहानलेली ठेवणं धोक्याचं आहे. घरात वाद नको असेल तर ज्यांना पाळायचं आहे त्यांनी जागावं, गरोदर बाईने खोलीत जाऊन झोपावं.

माझी रात्रपाळी असते. बदलून मागू का?

मागा, आणि लेखी मागा. डेन्मार्कमधल्या २२,७४४ नोकरदार गरोदर महिलांच्या २०१९ च्या अभ्यासात, आठव्या आठवड्यानंतर ज्यांनी एका आठवड्यात दोन किंवा जास्त रात्रपाळ्या केल्या, त्यांचा पुढच्या आठवड्यातला गर्भपाताचा धोका ३२ टक्के जास्त निघाला. परिचारिका असोत की हिंजवडीत अमेरिकेच्या वेळेवर काम करणाऱ्या मुली, डॉक्टरांची चिठ्ठी जोडली की बदल मिळणं सोपं जातं.

बीडहून ऊसतोडीला गेलेल्या बाईला चिठ्ठी कोण देणार, हा प्रश्न उरतोच. कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत झोपायचं, पहाटेच्या आधी फडावर जायचं, मध्यरात्री गाडी आली तरी मोळ्या भरायला उठायचं. तिला निदान दर महिन्याच्या ९ तारखेची सरकारी दवाखान्यातली मोफत तपासणी ती असेल तिथे जवळपास मिळू शकते. माता-बाल संरक्षण कार्ड सोबत हवं.

झोप नीट न झाल्याने चिडचिड होते की मन बिघडल्याने झोप लागत नाही, कसं ओळखायचं?

अंगाचा काही त्रास नसताना पहाटे तीन-चारला जाग येते आणि मग झोप नाही, कशात रस वाटत नाही, उगाच रडू येतं, स्वतःला दोष द्यावासा वाटतो, आणि हे दोन आठवड्यांहून जास्त चाललं आहे: असं असेल तर नैराश्याची तपासणी हवी. टेली-मानस हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास मोफत आहे, मराठीत बोलता येतं. जीव नकोसा वाटत असेल तर त्याच रात्री सांगा.

कोणत्या लक्षणांसाठी सकाळची वाट बघू नये?

न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी किंवा काजवे, बरगड्यांखाली दुखणं, चेहऱ्यावर एकाएकी सूज, झोपेतून दम लागून उठावं लागणं, बाळाची हालचाल कमी वाटणं, पाणी किंवा रक्त जाणं. १०२ किंवा १०८ ला फोन करा.

बाळंतपणानंतर हे सगळं थांबतं का?

वळवळणारे पाय बहुतेकींचे काही आठवड्यांत शांत होतात. घोरणं कमी होतं, पण राहिलं तर तपासा. सलग झोप काही महिने मिळणार नाही. माहेरी गेलेल्या मुलीला निदान आईचा हात असतो. तशी सोय नसेल तर रात्रीची एक पाळी नवऱ्याने घ्यावी: बाळाला ढेकर काढणं, लंगोट बदलणं, निजवणं. आईला सलग चार-पाच तास मिळाले तरी फरक पडतो.

एका गोष्टीकडे घरच्यांनी लक्ष ठेवावं. बाळ शांत झोपलं आहे, सांभाळायला माणूस आहे, तरी बाळंतीण दोन रात्री डोळा मिटत नाही. वर तिला थकवाही जाणवत नाही, ती भराभर बोलते, संशय घेते, नसलेले आवाज ऐकते. ही बाळंतपणानंतरच्या गंभीर मानसिक आजाराची सुरुवात असू शकते. तो सहसा पहिल्या दोन आठवड्यांत दिसतो आणि आधी बायपोलर आजार (कधी अति उत्साह, कधी खोल उदासी) झालेल्या बाईला त्याचा धोका बराच जास्त असतो. दृष्ट काढत बसू नका. तिला आणि बाळाला एकटं न ठेवता त्याच दिवशी रुग्णालयात न्या. औषधाने हा आजार बरा होतो.